रेघ कोणत्या बाजूने ओढली? कार्टूनमधील स्वमग्न पात्रांविषयी

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन संशोधकांनी अमेरिकेतील स्मिथ कॉलेजमध्ये एक अगदी छोटी ॲनिमेटेड फिल्म तयार केली. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि ज्याचे दार उघडते-मिटते असा एक चौकोन, एवढीच तिच्यातली पात्रे होती. त्यांना डोळे नव्हते, तोंड नव्हते, आवाजही नव्हता. ही फिल्म पाहून ‘काय घडले ते लिहा’ असे ३४ जणांना सांगण्यात आले, तेव्हा जवळजवळ निव्वळ भूमितीच्या भाषेत वर्णन करणारी व्यक्ती एकच निघाली. बाकीच्यांनी गोष्ट लिहिली. त्या गोष्टीत कोणी दांडगाई करत होते, कोणी घाबरून घरात लपत होते आणि कोणी त्या घाबरलेल्याच्या मदतीला धावत होते. कागदावरची आकृती हलू लागली की पाहणारा तिच्यामागे मन शोधू लागतो, आणि सगळे ॲनिमेशन पाहणाऱ्याच्या याच सवयीवर उभे आहे.

पुढे २००० सालच्या सुमारास लंडनमधील संशोधकांनी अशाच त्रिकोणांच्या चित्रफिती स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, व्यक्तींना दाखवल्या. त्रिकोण एकमेकांना चिडवत आहेत, फसवत आहेत की समजावत आहेत, हे ओळखायचे होते. स्वमग्न व्यक्तींची उत्तरे अपेक्षित उत्तरांपासून अधिक वेळा दूर गेली, आणि ‘यांना दुसऱ्याचे मन वाचता येत नाही’ या तेव्हाच्या प्रचलित मताला त्यामुळे बळ मिळाले. मात्र या चाचणीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. त्रिकोण हलवणारे हात स्वमग्न नसलेल्यांचे होते आणि योग्य उत्तर कोणते हेही त्यांनीच ठरवलेले होते. २०१६ साली ब्रिटनमधील काही संशोधकांनी ही बाजू उलटी करून पाहिली. त्यांनी स्वमग्न आणि स्वमग्न नसलेल्या प्रौढांना स्वतःच त्रिकोण हलवून तेच भाव दाखवायला सांगितले आणि त्या चित्रफिती इतरांना दाखवल्या. स्वमग्न व्यक्तींनी हलवलेल्या त्रिकोणांचे मन ओळखणे स्वमग्न नसलेल्या प्रेक्षकांना जड गेले. म्हणजे वाचता न येण्याची अडचण एकाच बाजूला नव्हती. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये हीच गोष्ट ‘दुहेरी सहानुभूतीची समस्या’ या नावाने मांडली होती. दोन वेगळ्या घडणीची माणसे समोरासमोर आली की गैरसमज दोघांचाही होतो, पण दोष मात्र संख्येने कमी असलेल्याच्या पदरात टाकला जातो, असे त्याचे थोडक्यात म्हणणे आहे.

कार्टूनमधील स्वमग्न पात्रांचा विचार करताना मला या त्रिकोणांपासूनच सुरुवात करावीशी वाटते. चित्रपटात एखादा अभिनेता नकळत मान वळवतो, वाऱ्याने त्याचे केस उडतात आणि दिग्दर्शकाने न ठरवलेल्या शंभर गोष्टी कॅमेऱ्यात येतात. ॲनिमेशनमध्ये नकळत काहीच येत नाही. पात्राने डोळे कुठे वळवायचे, बोटे किती वेळा हलवायची, पंख्याचा आवाज ऐकू यावा की येऊ नये, हे सगळे कोणीतरी बसून ठरवलेले असते. म्हणून एखादे स्वमग्न पात्र चांगले की वाईट, असा प्रश्न विचारण्यापूर्वी दुसरा प्रश्न विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते: हे चित्र कोणत्या बाजूने काढले आहे? ते मूल इतरांना कसे दिसते हे त्यात आहे, की त्या मुलाला जग कसे दिसते हे आहे?

आपल्या भाषेतला शब्दही या प्रश्नातून सुटलेला नाही. ‘ऑटिझम’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दापासून तयार झाला आणि मराठीत त्याचे ‘स्वमग्नता’ झाले. स्वतःत बुडालेला, बाहेरच्या जगाशी ज्याला देणेघेणे नाही असा, ही त्या शब्दाची छटा आहे, आणि ती उघडच बाहेर उभे राहून पाहणाऱ्याची आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांना मुलांचे एकटेपण सर्वांत ठळक जाणवले होते. पुढे स्वमग्न माणसे स्वतःविषयी लिहू-बोलू लागली आणि कळले, की अनेकांना बाहेरचे जग कमी नव्हे, फारच जास्त जाणवते. दिव्याची बारीक थरथर, सदऱ्याच्या आतली शिवण, पलीकडच्या खोलीतला मिक्सर आणि समोरच्याचे बोलणे हे सगळे एकाच वेळी, एकाच जोराने येऊन आदळते. शब्द रूढ आहे म्हणून मी तो वापरतो आहे, पण वाचताना त्याची ही मर्यादा ध्यानात राहावी.

निदानाची आजची चौकट थोडक्यात अशी आहे. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील जन्मजात भिन्नता आहे. संवाद आणि सामाजिक देवाणघेवाण यांतला वेगळेपणा हे तिचे एक अंग आहे. ठरलेल्या क्रमाची ओढ, पुनःपुन्हा केल्या जाणाऱ्या हालचाली, एखाद्या विषयाचा खोल ध्यास आणि संवेदनांची कमी-अधिक तीव्रता हे दुसरे. २०१३ साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने ॲस्पर्जर सिंड्रोमसारखी वेगवेगळी नावे रद्द करून ती सर्व ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’, म्हणजे स्वमग्नतेच्या अनेक छटांचा पट्टा, या एका छत्राखाली आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात १२७ पैकी सुमारे एक व्यक्ती स्वमग्न होती. त्या एका छत्राखाली अस्खलित व्याख्यान देणारा प्राध्यापक आहे आणि आयुष्यभर एकही शब्द न उच्चारणारी मुलगीही आहे. एका पात्राने या सर्वांचे प्रतिनिधित्व करावे अशी अपेक्षा ठेवली, तर कुठलेही पात्र अपुरेच पडणार.

मग चर्चा कार्टूनचीच का? एक कारण सरळ आहे. बहुतेक मुलांना शाळेत स्वमग्न वर्गमित्र भेटण्याच्या आधी पडद्यावरची पात्रे भेटतात आणि वेगळे वागणाऱ्याकडे कसे पाहायचे याचे पहिले धडे तिथूनच मिळतात. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते, आणि ते असे की कित्येक स्वमग्न मुलांचे कार्टूनशी फार जुने आणि फार गाढ नाते असते. ‘थॉमस अँड फ्रेंड्स’ या आगगाड्यांच्या मालिकेची स्वमग्न मुलांना विशेष ओढ वाटते, हे ब्रिटनमधील नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने पालकांशी बोलून नोंदवले होते. कारणे समजण्यासारखी आहेत. सुरुवातीच्या काळात ही मालिका खऱ्या छोट्या प्रतिकृती वापरून चित्रित होत असे आणि प्रत्येक भावासाठी इंजिनाचा चेहराच बदलला जाई. त्यामुळे आनंद म्हणजे आनंद आणि राग म्हणजे राग, तोही पूर्ण दृश्यभर स्थिर राहणारा. सोबत निवेदक होता, जो कोणाला काय वाटते ते सांगून टाकत असे. गाड्या रुळांवरून जात, वेळापत्रक पाळत, आणि हीच गोष्ट उद्या पुन्हा पाहिली तरी तिच्यात काडीचाही बदल होत नसे. खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणात येऊन क्षणात जाणारे पाच मिश्र भाव वाचण्यात ज्याची शक्ती संपून जाते, त्याला अशा जगात केवढी विश्रांती मिळत असेल, याची कल्पना करून पाहावी.

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी याच ओढीचा उपयोग करून २००६ मध्ये ‘द ट्रान्सपोर्टर्स’ नावाची मालिका बनवली. तिच्यातील वाहनांवर खऱ्या माणसांचे बोलते चेहरे बसवलेले होते आणि चार ते सात वर्षांच्या स्वमग्न मुलांनी ते पाहून भाव ओळखायला शिकावे, हा तिचा हेतू होता. महिनाभर रोज पंधरा मिनिटे पाहिल्यावर मुलांची भाव ओळखण्याची क्षमता वाढल्याचे तिच्या निर्मात्यांच्या अभ्यासात दिसले. हेतू प्रामाणिक होता, तरीही दिशा पाहण्यासारखी आहे. ॲनिमेशन इथे स्वमग्न मुलाला इतरांची भाषा शिकवते. इतरांना त्या मुलाची भाषा शिकवणारे ॲनिमेशन येण्यासाठी आणखी काही वर्षे जावी लागली.

एका घरात मात्र हे आधीच घडले होते. अमेरिकी पत्रकार रॉन सस्किंड यांचा मुलगा ओवेन तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास बोलणे गमावून बसला आणि पुढे त्याला स्वमग्नतेचे निदान झाले. तो डिस्नेचे ॲनिमेटेड चित्रपट पुन्हा पुन्हा पाहत असे आणि त्यांतले संवाद पुटपुटत असे. ऐकलेले शब्द जसेच्या तसे पुन्हा म्हणण्याच्या या सवयीला एकोलेलिया म्हणतात, आणि ती निरर्थक पोपटपंची आहे असेच बराच काळ मानले जाई. ओवेनच्या घरच्यांच्या हळूहळू लक्षात आले, की तो प्रसंगाला नेमका लागू पडणारा संवाद निवडतो. भावाच्या नवव्या वाढदिवशी भाऊ उदास झाला, तेव्हा ओवेनने सांगितले की मोगली आणि पीटर पॅन यांच्याप्रमाणे भावाला मोठे व्हायचे नाही. मग वडील ‘अलादीन’मधल्या आयागो पोपटाच्या आवाजात बोलू लागले आणि मुलाने त्यांना उत्तर दिले. ओवेन नायकांऐवजी त्यांच्या सोबत्यांची, दुय्यम पात्रांची चित्रे काढत असे, आणि आपण या सोबत्यांचे रक्षक आहोत असे त्याने लिहून ठेवले होते. स्वमग्न पात्र कथेत बहुधा कोणाचा तरी सोबतीच असते, हे आठवले की त्या वाक्याने मन भरून येते.

कार्टूनमध्ये स्वमग्नता बरीच वर्षे नाव न घेता वावरत होती. भावना न कळणारा यंत्रमानव, पृथ्वीवरचे रीतिरिवाज न उमगणारा परग्रहवासी, माणसांपेक्षा यंत्रांत रमणारा शास्त्रज्ञ अशा पात्रांत स्वमग्न प्रेक्षकांना स्वतःची ओळख पटे. निर्माते गुण उचलत पण नाव देत नसत, आणि त्यामुळे त्या गुणांची जबाबदारीही घेत नसत. अशी ओळख पटण्यात आनंद आहे, पण बोचही आहे, कारण आपल्यासारखे असलेले जे कोणी पडद्यावर आहे ते नेमके माणूस नाही. ‘शी-रा अँड द प्रिन्सेसेस ऑफ पॉवर’ या २०१८ ते २०२० दरम्यानच्या मालिकेतील एन्ट्रॅप्टा हे या सीमेवरचे पात्र आहे. ती लांब केसांचा हातांसारखा उपयोग करते, यंत्रांत हरवून जाते, चिमुकल्या आकाराचेच पदार्थ खाते आणि लोकांच्या बोलण्यातले सूचित अर्थ तिच्या हातून निसटतात. मालिकेत ‘स्वमग्न’ हा शब्द उच्चारला जात नाही, पण ती स्वमग्न आहे हे निर्मात्यांनी जाहीरपणे सांगितले. अनेक स्वमग्न प्रेक्षकांनी तिच्यावर जीव लावला. ती संशोधनाच्या ओढीने सहज शत्रूपक्षाला मिळते आणि तिला बरे-वाईट कळतच नाही असे भासते, याने काही जण दुखावलेही. मला दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या वाटतात. मुख्य शंका एवढीच की नाव बाहेर सांगितले आणि कथेत सांगितले नाही, तर कथेतील इतर पात्रांना तिला समजून घेण्याची गरजच पडत नाही.

नाव घेण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र कार्टूनमधला नसून त्याच्या शेजारच्या बाहुल्यांच्या दुनियेतला आहे. ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी बालकार्यक्रमातील ज्युलिया हे स्वमग्न पात्र २०१५ मध्ये आधी डिजिटल चित्रकथेत आले आणि एप्रिल २०१७ मध्ये बाहुली होऊन दूरदर्शन संचांवर दिसले. स्वमग्नता मुलग्यांनाच असते हा समज पुसावा म्हणून ज्युलिया जाणीवपूर्वक मुलगी ठेवण्यात आली. तिला चालवणाऱ्या स्टेसी गॉर्डन या स्वतः एका स्वमग्न मुलाच्या आई आहेत. या बाहुलीला हातांच्या दोन जोड्या आहेत, त्यांपैकी एक खास हात फडफडवण्यासाठी. एका हालचालीसाठी वेगळे हात शिवले गेले, यातच किती विचार आहे ते दिसते. स्वतःला सावरण्यासाठी किंवा आनंद व्यक्त करण्यासाठी केल्या जाणाऱ्या अशा पुनरावृत्त हालचालींना स्टिमिंग म्हणतात. ॲनिमेशनमध्ये ती दाखवणे वरवर सोपे असते, कारण काही मोजकी चित्रे फिरवून-फिरवून वापरली की हालचालीचे चक्र तयार होते. तिथेच घसरण्याचा धोकाही असतो. तेच चक्र तसेच फिरत राहिले की पात्र बिघडलेल्या यंत्रासारखे दिसते. खरी फडफड आनंदात वेगळी असते, भीतीत वेगळी, आणि कंटाळ्यात तर फार वेगळी. हा फरक ज्याने जवळून पाहिला आहे तोच तो रेखाटू शकतो.

पहिल्या भागात बिग बर्ड हा कार्यक्रमातला मोठा पक्षी ज्युलियाशी बोलायला जातो, ती उत्तर देत नाही आणि आपण तिला आवडत नाही असे त्याला वाटते. मग एक मोठा माणूस त्याला समजावून सांगतो. लहान प्रेक्षकांसाठी ही मांडणी स्वच्छ आणि मायेची आहे. तरीही कथेचा प्रवास बिग बर्डचा आहे, आणि ज्युलिया हा त्याने शिकायचा धडा आहे. २०१९ मध्ये यावरून उघड फारकत झाली. कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी ज्युलियाला ‘ऑटिझम स्पीक्स’ या संस्थेच्या प्रचारात उतरवले, आणि ज्युलिया घडवताना सल्ला देणाऱ्या ‘ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क’ने, म्हणजे स्वमग्न व्यक्तींनीच चालवलेल्या संस्थेने, त्यांच्याशी संबंध तोडले. नव्याने निदान झालेल्या मुलांच्या पालकांना ‘ऑटिझम स्पीक्स’च्या ज्या माहितीसंचाकडे पाठवले जात होते, तो स्वमग्नतेला घरावर कोसळलेल्या आपत्तीसारखे रंगवतो, हा त्यांचा आक्षेप होता. पात्र तेच, हातांच्या जोड्या त्याच, पण तिच्या तोंडून कोण बोलते आहे यावर तिचा अर्थ बदलला.

आतल्या बाजूने काढलेल्या चित्राचे एक चांगले उदाहरण ‘पाब्लो’ हे आहे. उत्तर आयर्लंडमधील पेपर आउल फिल्म्स या संस्थेची ही मालिका २०१७ मध्ये सुरू झाली. पाच वर्षांचा पाब्लो प्रत्यक्ष जगातील एखाद्या गोंधळात टाकणाऱ्या अनुभवापाशी अडतो, रंगीत खडूंनी चित्र काढतो, आणि त्या चित्रातील प्राणी जिवंत होऊन त्याच्यासोबत त्या अनुभवाची उकल करतात. एक उंदरीण आहे जिला आवाज सोसत नाहीत, एक लामा आहे जी शब्दांची पुनरावृत्ती करते, एक जिराफ आहे ज्याला वस्तुस्थितीची बारीकसारीक माहिती पुरवायला आवडते. हे सारे प्राणी पाब्लोच्याच मनाचे निरनिराळे कोपरे आहेत. या एका युक्तीने लेखकांनी स्पेक्ट्रमची अडचण फार सुंदर सोडवली, कारण कुठल्याही एका प्राण्यावर ‘स्वमग्न म्हणजे असा’ हे ओझे पडत नाही. मुख्य पात्रांना आवाज देणारे कलाकार स्वमग्न आहेत आणि कथालेखनातही स्वमग्न लेखकांचा हात आहे. प्रौढांचे जग इथे खऱ्या चित्रीकरणात दिसते आणि पाब्लोचे जग रेखाटनात, त्यामुळे कोड्यात टाकणारे जग कोणते, हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

‘लूप’ हा पिक्सारचा लघुपट जानेवारी २०२० मध्ये आला. एरिका मिल्सम यांनी तो दिग्दर्शित केला. रेने ही शब्दांनी न बोलणारी स्वमग्न मुलगी आणि मार्कस हा अखंड बोलणारा मुलगा एका होडीत एकत्र येतात, एवढीच कथा. रेनेचा आवाज मॅडिसन बँडी या स्वतः न बोलणाऱ्या स्वमग्न तरुणीचा आहे, आणि तिला मोकळे वाटावे म्हणून ध्वनिमुद्रण स्टुडिओत न करता तिच्या घरी करण्यात आले. या लघुपटाचे खरे बळ त्याच्या ध्वनीत आहे असे मला वाटते. ॲनिमेशनमध्ये मूळ आवाज असतच नाही. सुरुवात शांततेपासून होते आणि प्रत्येक आवाज बाहेरून आणून घातला जातो. नेहमीच्या कार्टूनमध्ये संवाद पुढे ठेवून बाकी सगळे मागे ढकलले जाते, म्हणजेच स्वमग्न नसलेला मेंदू जी निवड आपोआप करतो तीच ध्वनियंत्रक करत असतो. रेनेच्या बाजूने ऐकवायचे, तर ही निवड थांबवावी लागते. मार्कसला शेवटी उमगते ते हेच, की रेनेला काठावरच्या लव्हाळ्यांवरून हात फिरवायचा आहे आणि तो स्पर्श म्हणजे तिचे बोलणे आहे. आवाज असह्य होऊन ती कोलमडते तेव्हा तो समजावत बसत नाही. जवळ बसून वाट पाहतो.

आवाज कोणाचा, हा मुद्दा आता मोठ्या व्यावसायिक मालिकांपर्यंतही पोहोचला आहे. ज्या ‘थॉमस’वर स्वमग्न मुलांनी इतकी वर्षे प्रेम केले, त्याच्या नव्या मालिकेत २०२२ मध्ये ब्रुनो नावाचा ब्रेकचा डबा आला. ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन्ही आवृत्त्यांत त्याला स्वमग्न मुलांनी आवाज दिला. ब्रुनोला वेळापत्रक प्रिय आहे, मोठा आवाज झाला की त्याच्या कानावरच्या आवरणातून वाफ निघते, आणि तो गाडीच्या शेवटी उलट्या दिशेला तोंड करून धावत असल्यामुळे त्याला जग इतरांपेक्षा निराळे दिसते. ही शेवटची कल्पना मला अतिशय आवडते. त्याचे वेगळेपण ही त्याची खोड नाही, ते त्याच्या जागेतून आले आहे, आणि सबंध गाडी सुरक्षित चालायची तर कोणीतरी त्या जागी असावेच लागते. मात्र सल्लागार नेमले, आवाज मिळवला आणि कानावर आवरणे घातली म्हणजे काम झाले असे समजणे चूक आहे. सध्या कानांवरची आवरणे, आगगाड्यांचे वेड आणि नजर न मिळवणे यांची एक तयार यादीच होऊ लागली आहे, आणि यादीतून माणूस उभा राहत नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘कार्ल द कलेक्टर’ मालिकेने यावर साधा उपाय शोधला. तिच्यात कार्ल नावाचे रकून स्वमग्न आहे, आणि लोटा नावाची कोल्हीणही. दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. एकाच गोष्टीत दोन स्वमग्न पात्रे आली, की प्रेक्षकाला स्वभाव आणि स्वमग्नता आपोआप वेगळी करून पाहावी लागतात.

अजून दोन मोठ्या जागा रिकाम्या आहेत. ज्यांना दिवसरात्र आधाराची गरज असते, ज्यांना सोबत बौद्धिक अक्षमताही असते, ती माणसे कार्टूनमध्ये जवळपास नाहीतच. ‘लूप’सारखे अपवाद मोजके आहेत. आणि प्रौढ माणसे फारशी नाहीत. पडद्यावरची बहुतेक स्वमग्न पात्रे लहान किंवा किशोरवयातच थांबतात, जणू त्यानंतर ती कुठे जातात याचे कुतूहलच कोणाला नाही.

म्हणूनच ॲडम इलियट यांच्या २००९ सालच्या ‘मेरी अँड मॅक्स’ या मातीच्या बाहुल्यांच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाकडे मला पुन्हा पुन्हा यावेसे वाटते. तो मुलांसाठी नाही. मॅक्स होरोविट्झ हा न्यूयॉर्कमध्ये एकटा राहणारा मध्यमवयीन माणूस आहे आणि मेरी ही मेलबर्नमधील आठ वर्षांची मुलगी. योगायोगाने दोघांचा पत्रव्यवहार सुरू होतो आणि तो वीस वर्षे टिकतो. इलियट यांचाही न्यूयॉर्कमध्ये असाच एक पत्रमित्र होता. मॅक्सचे शहर करड्या रंगात आहे, मेरीचे तपकिरी रंगात. चेहऱ्यांचा अर्थ लागावा म्हणून मॅक्स वेगवेगळ्या मुद्रा काढलेली एक वही जवळ बाळगतो. त्याला ॲस्पर्जर सिंड्रोमचे निदान झाले आहे आणि आपण बिघडलेले आहोत असे त्याला अजिबात वाटत नाही. डोळ्यांचा रंग जसा बदलता येत नाही, तशी ही गोष्ट काढून टाकता येणार नाही आणि काढायचीही नाही, असे त्याचे मत आहे. त्याला आवाज दिलेले अभिनेते फिलिप सीमूर हॉफमन स्वमग्न असल्याचे कधी सांगितले गेलेले नाही, आणि तरीही मॅक्स आतून काढलेला वाटतो, कारण चित्रपटाचा निम्मा भाग त्याने स्वतः लिहिलेल्या पत्रांतून उलगडतो.

मेरी मोठी होते, मनोविकारांचा अभ्यास करते आणि मॅक्सवर एक पुस्तक लिहिते. त्याच्यावर उपचार शोधावा ही तिची कळकळीची इच्छा असते. छापलेले पुस्तक ती आनंदाने त्याला पाठवते. मॅक्स आपल्या टंकलेखन यंत्रातले ‘एम’ हे अक्षर उपटून तिला पाठवून देतो. त्यापुढे त्याला तिचे नाव लिहायचे नाही. जिच्यावर त्याने सर्वाधिक विश्वास ठेवला, तिने त्याच्याकडे बाहेरून, एक रुग्ण म्हणून पाहिले होते. मेरीला चूक कळते आणि ती पुस्तकाच्या सगळ्या प्रतींचा लगदा करून टाकते. मॅक्स क्षमा करतो, पण त्याला वेळ लागतो.

शेवटी मेरी आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन न्यूयॉर्कला पोहोचते, तेव्हा मॅक्स कोचावर बसलेला असतो, मान वर केलेली, चेहऱ्यावर हसू. त्याच दिवशी सकाळी तो गेलेला असतो. मेरी आधी त्याच्याकडे पाहत राहते, मग त्याच्या शेजारी बसते आणि तो जिकडे पाहत होता तिकडे मान वळवते. तिची सगळी पत्रे, एकेक जपून आवरणात घातलेली, छताला चिकटवलेली असतात.